मऊ शुगर कुकीजसाठी ओव्हन थर्मामीटर : छोट्या साधनाचा मोठा उपयोग

लोणी, साखर, अंडे, मैदा आणि व्हॅनिला एवढ्यावर होणारी शुगर कुकी हा मूळचा अमेरिकी घरांतला, नाताळात हमखास केला जाणारा पदार्थ आता आपल्याकडे घरी बेकिंग करणाऱ्यांच्याही ओळखीचा झाला आहे. नानकटाईची परीक्षा खुसखुशीतपणावर होते. या कुकीची मऊ जात मात्र कडेला जेमतेम धरलेली, मध्ये ओलसर आणि दुसऱ्या दिवशीही बोटाने दाबली तर दबणारी अशी व्हायला हवी. ती कडक झाली की दोष बहुधा मैद्याला किंवा पाककृतीला दिला जातो. माझे मत असे आहे की त्याआधी ओव्हनचे खरे तापमान पाहावे, आणि त्यासाठी ओव्हनच्या आत ठेवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर घ्यावा.

मी वापरते तो थर्मामीटर स्टीलचा आहे. त्यावर 50 ते 300 अंश सेल्सिअसच्या खुणा आहेत, जाळीला अडकवायला वर हूक आहे आणि उभा ठेवायला खाली पाय आहे. त्याला बॅटरी लागत नाही. आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली गुंडाळी असते. उष्णतेने दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, गुंडाळी पिळली जाते आणि काटा फिरतो. किंमत 500 रुपयांच्या आत आहे, म्हणजे चांगल्या लोण्याच्या दोन-तीन पाकिटांइतकीच.

त्याने पहिल्याच वापरात जे दाखवले, तेच या खरेदीचे सार्थक आहे. माझ्या ओटीजीचे (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचे) बटण 180 वर ठेवून, गरम झाल्याची खूण म्हणून दिवा विझल्यावर पाहिले, तर काटा 160 च्याही खाली होता. आतल्या भिंती आणि जाळी नीट तापून काटा वर चढायला आणखी बराच वेळ लागला, आणि त्यानंतरही तो एका जागी न राहता 165 ते 190 च्या दरम्यान वरखाली होत राहिला. यात यंत्राचा बिघाड नाही. घरगुती ओटीजीचा थर्मोस्टॅट हा आतला तापणारा रॉड बंद-चालू करूनच तापमान राखतो, आणि थर्मोस्टॅट एका बाजूला असल्यामुळे ट्रेच्या जागेचे तापमान त्याला कळत नाही.

केकला असा फरक पुष्कळदा सोसतो, कारण तो अर्धा-पाऊण तास आत असतो. मऊ कुकी जेमतेम 9 ते 11 मिनिटे आत असते, त्यामुळे तिचे भवितव्य पहिल्या काही मिनिटांतच ठरते. लोणी 35 अंशांच्या आसपासच पातळ होते, तर अंडे आणि मैद्यातला स्टार्च धरायला त्याच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागते. ओव्हन मंद असेल तर लोणी वितळून गोळा पसरत जातो, कड धरायला उशीर लागतो, तोवर पाणी उडून जाते, आणि रंग आला नाही म्हणून आपण ट्रे आणखी पाच मिनिटे आत ठेवतो. थंड झाल्यावर हातात येते ती पातळ, टणक चकती. ओव्हन फार तापलेला असेल तर उलट घडते : कडा आणि तळ तपकिरी होतात आणि मध्य कच्चा राहतो. मऊपणा टिकवायचे काम साखर करते, कारण ती पाणी धरून ठेवते. पण ते पाणी कुकीत शिल्लक राहिले पाहिजे.

माझे प्रमाण 115 ग्रॅम बिनमिठाचे लोणी, 150 ग्रॅम बारीक साखर, एक अंडे, 190 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमधली आंबट पूड) आणि पाव चमचा खाण्याचा सोडा असे आहे, आणि त्यात सुमारे 30 ग्रॅमचे सोळा गोळे होतात. काटा 180 च्या आसपास वरखाली होऊ लागल्यावरच ट्रे आत ठेवते, आणि कडा धरल्या पण मध्य अजून फिकट व ओलसर दिसतो आहे अशा वेळी बाहेर काढते. उरलेले भाजणे गरम ट्रेवरच पाच मिनिटांत पूर्ण होते. थर्मामीटर आल्यापासून पहिला आणि शेवटचा घाणा सारखा निघतो, याचे मला खरोखर समाधान आहे.

थर्मामीटर तरी खरा आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची परीक्षा साखरेनेच घेता येते. शुद्ध साखर सुमारे 186 अंशांना वितळते. ॲल्युमिनियम फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून काटा 175-180 दाखवत असताना पंधरा मिनिटे थांबावे. साखर कोरडी राहायला हवी. मग काटा 195 च्या आसपास नेऊन तेवढाच वेळ द्यावा. आता ती वितळायला हवी. काटा वरखाली होत असल्यामुळे ही परीक्षा ढोबळच राहते, पण मोठी चूक असेल तर ती कळते.

उणिवाही आहेत. काटा सावकाश सरकतो, म्हणून दार उघडल्यानंतरची घसरण तो लगेच दाखवत नाही. आकडे बारीक आहेत, आणि तुपकट वाफेने काच धुरकटली की बाहेरून वाचणे कठीण जाते. लहान ओटीजीत वरच्या जाळीला अडकवला तर तो रॉडच्या फार जवळ येतो आणि थेट आचेमुळे आकडा जास्त दाखवतो. तो जाळीच्या मध्यावर, ट्रेच्याच उंचीला उभा करावा आणि ट्रे आत जाताना शेजारी सरकवावा. सोळा लिटरच्या ओटीजीत तेवढी जागा उरत नाही, तिथे आधी तापमान पाहून मग तो बाहेर काढावा लागतो.

लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला मी सुचवणार नाही. तो पृष्ठभागाचे तापमान मोजतो, हवेचे नाही, आणि चकचकीत ट्रेवर चुकीचा आकडा देतो. तारेचा डिजिटल थर्मामीटर अधिक चपळ असतो, पण महाग पडतो. ज्यांच्या कुकीज आताही हव्या तशा मऊ होतात, त्यांना यातले काहीच घेण्याची गरज नाही. इतरांनी मात्र नवा ओव्हन किंवा परदेशी मैदा आणण्याआधी हा थर्मामीटर घ्यावा, निवडताना अंशांच्या खुणा ठळक आणि सेल्सिअसच्या आहेत एवढे पाहावे, आणि वापरानंतर तो पाण्यात न बुडवता ओल्या फडक्याने पुसावा, कारण पाणी आत शिरले की काच आतून धुरकटते.