डिझेल पिकअपला ओझं मानवतं: वर्षभराच्या टोइंगनंतरचा अनुभव

आधी ॲव्हरेज सांगतो, कारण ओळखीतले सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. मागे ट्रेलर जोडून हायवेवर ताशी ६५ मैलांनी गेलं, तर गॅलनला ११ मैल, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साडेचार ते पावणेपाच किलोमीटर. रिकामी गाडी हायवेवर १९-२० मैल देते, लिटरला आठ-साडेआठ किलोमीटर. शहरात, शाळा-दुकान-घर अशा फेऱ्यांमध्ये आकडा १४ च्या वर जात नाही. हे सगळं टाकी फुल करून, पंपावरच्या गॅलनांनी भागून काढलेलं आहे. डॅशबोर्ड माझ्या गाडीत नेहमी अर्धा-एक मैल जास्त दाखवतो. शोरूममध्ये मात्र असा कुठलाच आकडा मिळाला नाही. अमेरिकेत ८,५०० पौंडांहून जास्त जीव्हीडब्ल्यूआर (सामान-माणसांसकट गाडीचं कमाल मान्य वजन) असलेल्या पिकअपच्या काचेवर ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, मायलेजचा आकडा लावण्याची सक्ती नाही, म्हणून वापरणाऱ्यांनी तो लिहायलाच हवा.

गाडी ‘पाऊण टनी’ म्हणतात त्या वर्गातली (हे फक्त वर्गाचं जुनं नाव, ती प्रत्यक्षात जास्त ओझं नेते), चार दरवाजांची, साडेसहा लिटरच्या वरचं टर्बो डिझेल इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गात ज्या तीन अमेरिकन कंपन्या आहेत, त्यांच्या गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा तत्त्वतः सारखीच असते, आणि मला बोलायचंय ते त्या यंत्रणेबद्दल. ट्रेलर सामानासकट ८,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेतीन टनांच्या पुढे. आम्ही डेन्व्हरला राहतो. बहुतेक वेळा आय-७० हायवेने पश्चिमेला, यूटामधल्या मोॲबपर्यंत जातो, उन्हाळ्यात उत्तरेला वायोमिंगकडे.

ट्रेलर ओढताना डिझेल वजनामुळे जळतं असं मला आधी वाटायचं. चढावर ते खरंच. पण सपाट रस्त्यावर खरा खर्च वाऱ्याचा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे रस्त्यावरून ओढलेली उभी भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६० वरून ७० वर गेलं की तो सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. माझ्या गाडीत ६० ला १२ मैल मिळतात, ६५ ला ११, आणि ७५ ला जेमतेम ९. वायोमिंगमध्ये आय-८० वर समोरून वारा असला की ६५ लासुद्धा ९ च मिळतात. म्हणून मी उजव्या लेनमध्ये ६२-६३ वर गाडी लावून देतो. मोॲबला पोहोचायला थोडा वेळ जास्त लागतो, आणि ट्रेलरही कमी डोलतो.

घाटात मात्र या इंजिनाचं मोल कळतं. डेन्व्हर आधीच ५,२८० फुटांवर, आणि आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन धापा टाकतं; टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. चढावर ॲव्हरेज ५-६ पर्यंत खाली येतं, पण गाडी ओढ सोडत नाही. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना तीव्र उतार आहे आणि वाटेत ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प बांधलेत. तिथे एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) लावून ठेवला की पायाखालच्या ब्रेकला क्वचितच हात लावावा लागतो. बायको-मुलं गाडीत असताना या एका गोष्टीसाठी मी डिझेलचे जास्तीचे पैसे आनंदाने दिले असते.

आता धुराच्या यंत्रणेकडे येतो. टोइंगच्या गप्पांमध्ये सगळ्यात जास्त शिव्या तिला पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच तिच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत.

अमेरिकेत २००७ च्या नियमांनी काजळीवर आणि २०१० च्या नियमांनी नायट्रोजन ऑक्साइडवर कडक बंधनं आली. त्याआधी २००६ पासून हायवेवरच्या डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर आणलं गेलं, कारण जास्त गंधकात ही यंत्रणा टिकत नाही. इंजिनातून निघालेला धूर आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून जातो. डीपीएफ ही सिरॅमिकची जाळी काजळी अडवते, आणि युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, फवारून एससीआर हा पुढचा कॅटॅलिस्ट नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर करतो.

जाळीत अडकलेली काजळी जाळावी लागते, त्याला सगळे ‘रीजन’ म्हणतात. सायलेन्सर पुरेसा तापलेला असेल, तर धुरातल्याच नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती आपोआप, हळूहळू जळत राहते. तापत नसेल, तर गाडी जास्तीचं डिझेल खर्चून तापमान ५५०-६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवते. माझ्या गाडीत काजळीची टक्केवारी स्क्रीनवर दिसते. ट्रेलर घेऊन ग्रँड जंक्शनपर्यंत गेलो की ती चढण्याऐवजी उतरते! घाट चढताना इंजिन इतकं तापतं की जाळी आपली आपण साफ होते. उलट, आठवडाभर गाडी शाळा आणि किराणा यातच फिरली, की टक्केवारी भराभर वर जाते. मग पंख्याचा आवाज वाढतो, आयडलिंग वर चढतं, जळका वास येतो, आणि ते वीस-पंचवीस मिनिटं ॲव्हरेज १० च्याही खाली येतं. मध्येच गाडी बंद केली तर रीजन अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी नव्याने सुरू होतं. सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल फवारून तापवणाऱ्या इंजिनांमध्ये त्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्येही उतरतं, म्हणून अशा वापरात ऑइल लवकर बदललेलं चांगलं.

थोडक्यात, ज्याला आपण गाडीचे हाल समजतो, तो घाट आणि ते ओझं तिला मानवतं. तिला त्रास होतो तो दोन मैलांवरच्या दुकानाचा. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल एसयूव्ही घेतलेल्यांनी हा अनुभव घेतलाच असेल. पुण्यातल्या माझ्या भावाचं ऑफिस घरापासून जवळ. त्याचा डीपीएफचा दिवा पेटला, की रविवारी सकाळी तो एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो आणि दिवा विझतो.

डीईएफचा खर्च लोक उगाच मोठा करून सांगतात. मला डिझेलच्या साधारण ३ टक्के लागतं, चढ जास्त असले की थोडं वाढतं. ट्रक स्टॉपवर पंपातून भरलं की दुकानातल्या कॅनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि उणे ११ अंशांना ते गोठतं. डेन्व्हरच्या जानेवारीत हे होणारच, पण टाकीला हीटर असतो आणि ते वितळेपर्यंत गाडी नेहमीसारखी चालते. कॅन उन्हात ठेवू नका, उष्णतेने ते लवकर खराब होतं. निळं झाकण डीईएफचं, हे घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवून ठेवा. डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर फ्युएल सिस्टिमच्या दुरुस्तीचं बिल हजारो डॉलरचं येतं.

माझी खरी तक्रार सेन्सरबद्दल आहे. मागच्या उन्हाळ्यात ट्रेलर मागे असताना नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड, मोजणारा सेन्सर गेला. इंजिन ठणठणीत, पण स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू: इतक्या मैलांनंतर वेगावर मर्यादा येईल. जवळच्या गावातल्या वर्कशॉपला पार्ट मागवावा लागला आणि आमची दोन रात्रींची कॅम्पसाइट बुडाली. पार्ट वॉरंटीत मिळाला, पण मुलं मागे बसलेली असताना डोंगरात असा आकडा उतरताना बघणं भयंकर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने वेग-ताकद कमी करण्याची ही सक्ती सॉफ्टवेअर बदलून सौम्य करण्याच्या सूचना निर्मात्यांना दिल्या, आणि २०२७ च्या मॉडेलपासून नव्या डिझेल ट्रकांची ताकद डीईएफ संपल्यावर अचानक जाऊ नये असं ठरवलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

पण यावर उपाय म्हणून यंत्रणाच काढून टाकणं, म्हणजे ‘डिलीट’, मला अजिबात मान्य नाही. डिलीट केलेले लोक गॅलनला एक-दोन मैल जास्त मिळतात म्हणतात. ईपीएच्या २०२० च्या अहवालानुसार एका दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली यंत्रणा अशी काढली गेली, आणि त्यांतून ५ लाख ७० हजार टन जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार. त्याच वायूपासून उन्हात ओझोन तयार होतो. डेन्व्हर परिसर ओझोनच्या बाबतीत २०२२ पासून ‘सिव्हिअर’, म्हणजे अतिगंभीर, वर्गात आहे. जुलैत दुपारी मुलांना बाहेर खेळायला सोडू नका, असे इशारे आम्हाला येतात. त्याच हवेत मी दोन मैलांच्या फायद्यासाठी तो धूर सोडायचा? एससीआर आल्यामुळे इंजिनाला स्वतः कमी नॉक्स काढण्याची धडपड कमी करावी लागते आणि ते जास्त काटकसरीने जाळू शकतं, हे डिलीटवाले सांगत नाहीत.

पैशांचं गणित सरळ आहे. डिझेल इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागतात, आणि डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग. वर्षातून दोन-तीनदाच ट्रेलर काढणार असाल आणि एरवी गाडी गावातच फिरणार असेल, तर याच वर्गातलं पेट्रोल व्ही-८ घ्या. ते ओढताना ८-९ मैलच देईल, पण जाळी आणि युरियाची काळजी राहणार नाही. महिन्यातून एकदा तरी घाट चढणार असाल, तर डिझेलच. एक मात्र बघा: डिझेल इंजिन जड, त्यामुळे दाराच्या आतल्या स्टिकरवरचा पेलोड, म्हणजे गाडीत किती वजन टाकता येतं तो आकडा, पेट्रोलपेक्षा कमी असतो, आणि ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकावर, येतो.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे ठरवण्याआधी गाडीखाली वाकून बघा. डीपीएफच्या जागी सरळ पाइप दिसला, किंवा डीईएफचं झाकण आहे पण डॅशबोर्डवर त्याची पातळीच दिसत नाही, तर ती गाडी डिलीट केलेली समजा. डेन्व्हर परिसरात डिझेल गाड्यांचीही धूरतपासणी होते, आणि सगळी यंत्रणा पुन्हा बसवायचा खर्च विकत घेणाऱ्याच्या माथी येतो.