आठ महिने एसएसडी वापरल्यावर: लोडिंग कुठं घटलं, कुठं तसंच राहिलं

खानापुरात पाऊस लागला की लाईटीचा भरवसा नसतो. माझा पीसी 2018 चा, 1050 टीआय ग्राफिक्स कार्डाचा, आत 1 टीबीची हार्ड डिस्क. लाईट जाऊन आली की पुन्हा गेमपर्यंत पोचायला सहा-सात मिनिटं लागायची. गेल्या जूनमध्ये बेळगावला खडेबाजारातून 500 जीबीची साटा एसएसडी आणली, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी आणि हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी डिस्क.

मोबाईलवर वेळ लावून मोजलं. जीटीए फाइव्ह गेमचा स्टोरी मोड सुरू व्हायला आधी 2 मिनिटं 10 सेकंद घ्यायचा, आता 41 सेकंद. पण मला जास्त आनंद झाला तो हायवेवर. पूर्वी गाडी जोरात सोडली की पुढचा रस्ता मेणासारखा गुळगुळीत दिसायचा, ना पट्टे, ना खडी; दोन-तीन सेकंदांनी सगळं एकदम उमटायचं. आता पट्टे लांबूनच दिसतात. हार्ड डिस्कचा हेड, म्हणजे डेटा वाचणारा काटा, फाइल शोधत फिरतो, प्रत्येक फेरीला दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

तरी लोडिंगचा सगळा दोष डिस्कचा नसतो, हे मला उशिरा कळलं. जीटीए ऑनलाइनमध्ये 2021 साली एका प्रोग्रॅमरनं शोधून काढलं, की सुमारे 10 एमबीची, 63 हजार नोंदींची एक यादी गेम अतिशय वेड्यावाकड्या पद्धतीनं वाचतोय आणि प्रोसेसरचा एकच कोअर त्यात मिनिटंच्या मिनिटं अडकतोय. त्यानं केलेल्या दुरुस्तीनं त्याच्याकडचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. मग कंपनीनंही गेम सुधारला. तिथं कितीही महागडी डिस्क घातली असती तरी काय उपयोग?

गॉड ऑफ वॉर गेममध्ये नायक क्रेटोस कपारीतून अंग चोरून सरकतो, तेवढ्यात पुढची जागा मेमरीत येते. एसएसडीवरही तो तितकाच सावकाश सरकतो, कारण ती चाल आधीच ठरलेली. मला ते आवडतं. काळ्या स्क्रीनकडं बघत बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

तक्रार एकच. स्वस्तातली एसएसडी मोठी कॉपी करताना दमते. 60 जीबीचा गेम टाकताना सुरुवातीचा वेग बघून हरखलो होतो; थोड्या वेळानं तो सेकंदाला 100 एमबीच्याही खाली आला. आतला वेगवान कॅश, म्हणजे डेटा आधी तात्पुरता ठेवायची थोडीशी जागा, भरला की असंच होतं. डिस्क काठोकाठ भरली तर आणखी मंदावते, म्हणून मी 80 जीबी मोकळी ठेवतो. बजेट असेल तर सरळ 1 टीबीच घ्या.

जागेचा प्रश्न आमच्याकडं दुहेरी आहे. घरी मोबाईलचं नेट, त्यामुळं मोठे गेम टिळकवाडीला मामांकडं फायबरवर उतरवायचे आणि डिस्कवर घालून आणायचे. हेलडायव्हर्स 2 पीसीवर सुमारे 154 जीबीचा होता. हार्ड डिस्कवाल्यांना कमी वाट बघावी लागावी म्हणून एकच डेटा अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवला होता. 2025 च्या शेवटी ते कमी करून तो सुमारे 23 जीबीवर आणला. कंपनीनं तपासलं तेव्हा दिसलं, की लोडिंगचा बराचसा वेळ लेव्हल तयार करण्यातच जातो. तो गेम मी घरीच दोन रात्रींत उतरवला.

जुनी हार्ड डिस्क काढलेली नाही. खेळून झालेले गेम तिच्यावर असतात. पुन्हा खेळायचा झाला की जेवायला बसताना इकडं कॉपीला लावतो.