तांब्या-पितळेचा दिवा विकायचाय: तीन तारा, दोन तारा की १२ व्होल्ट?

मठारकाम केलेली तांब्याची शेड, पितळी नळीचा दांडा, खाली जड बैठक. असा टेबललॅम्प घडवणाऱ्या कारागिराला घडाई शिकवावी लागत नाही. अडतं ते वायरिंगपाशी. आत फेजच्या (वीज घेऊन येणाऱ्या) तारेचं इन्सुलेशन जरा जरी खरवडलं आणि तार पत्र्याला टेकली, तर अख्खा दिवा २३० व्होल्टवर येतो. आणि ही तर रोज हाताळायची वस्तू. म्हणून विक्रीसाठी दिवा करताना वायरिंग कोणत्या पद्धतीचं हे आधी ठरवावं, आकार मागाहून. पद्धती तीन आहेत.

पहिली, तीन तारांची. फेज, परतीची न्यूट्रल आणि बिघाडातली वीज जमिनीकडे नेणारी अर्थ. थ्री-कोअर वायर, तीन पिनांचा प्लग. बिघाड झाला तर करंट अर्थच्या तारेतून जातो आणि घरातला एमसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे बिघाडात आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. साहित्य स्वस्त आहे, कुठल्याही छोट्या वर्कशॉपला जमतं. पण काम नेटकं हवं. पितळेवर लॅकर मारलेलं असतं आणि लॅकर वीज वाहू देत नाही. अर्थच्या तारेचा लग (टोकाची धातूची कडी) त्यावरच कसला, तर वरून सगळं ठीक दिसतं, प्रत्यक्षात अर्थ मिळालेलाच नसतो. तेवढी जागा घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, मग नट आवळा. दांड्याला हलता सांधा असेल तर सांध्यावर विसंबू नका, वरच्या भागापर्यंत अर्थची वेगळी तार न्या. दिव्यांसाठीच्या आयएस १०३२२ या भारतीय मानकाच्या चाचणीत प्लगच्या अर्थ पिनपासून दिव्याच्या कोणत्याही उघड्या धातूपर्यंतचा रोध ०.५ ओहमच्या आत लागतो, तोही किमान १० अँपिअर करंट सोडून. साध्या मल्टीमीटरने तुटलेली जोडणी सापडेल, सैल जोडणी सापडेलच असं नाही.

या पद्धतीची खरी उणीव दिव्यात नसते, ती गिऱ्हाइकाच्या भिंतीत असते. जुन्या वाड्यांत, चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थच्या भोकामागे तारच नसते. तिथे तुमचं सगळं नेटकं काम वाया जातं आणि कोणाला कळतही नाही.

दुसरी पद्धत दोन तारांची. बाजारात धातूचे कितीतरी दिवे टू-कोअर वायर आणि दोन पिनांच्या प्लगवर विकले जातात. त्यातल्या बऱ्याच दिव्यांत दुहेरी इन्सुलेशन वगैरे काही नसतं, फक्त अर्थ गाळलेला असतो. असा दिवा विकू नये, हे मला स्पष्टच म्हणायचं आहे. खरं दुहेरी इन्सुलेशन म्हणजे फेज आणि पत्रा यांच्यामध्ये स्वतंत्र दोन थर, किंवा तेवढाच भक्कम एक. नळीत वायरला पूर्ण लांबीची स्लीव्ह हवी, नळीच्या दोन्ही तोंडांना बुश (वायर धारेवर घासू नये म्हणून बसवायचं कडं) हवा, होल्डर आणि स्विच प्लास्टिकचे किंवा बेकेलाइटचे हवेत. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो, त्यामुळे आट्यांच्या ई२७ होल्डरमध्ये फेज आट्यांवर येऊ शकतो आणि बल्ब बदलताना बोट तिथे लागू शकतं. आपला नेहमीचा पिनांचा बी२२ त्या मानाने बरा. इन्सुलेशन रोध ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) ४ मेगाओहम भरला पाहिजे आणि वर हाय-व्होल्टेज चाचणी वेगळी. चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण हे सगळं झाल्यावरच लावायची. धातूच्या दिव्यासाठी छोट्या वर्कशॉपने या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

तिसरी पद्धत १२ व्होल्टची. अॅडॉप्टर भिंतीवर, दिव्यात फक्त १२ व्होल्ट डीसी. तार सोलली तरी अंगाला धक्का नाही, आणि गिऱ्हाइकाच्या घरी अर्थिंग आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. १२ वॉटचं एलईडी मॉड्यूल टेबलाला पुरून उरतं, आणि तांबं त्याची उष्णता छान ओढून घेतं. गैरसोय आहेच: प्लगपाशी तो काळा ठोकळा दिसतो आणि मनासारखा बल्ब लावता येत नाही. अॅडॉप्टर मात्र बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, असलेलाच घ्या आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा.

इथे एक सापळा आहे. खर्च वाचवायला २३० व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर (एलईडीला लागेल तसा डीसी करंट पुरवणारं सर्किट) दिव्याच्या पोटात बसवला, तर ही पद्धत राहत नाही. बाजारातले पुष्कळ ड्रायव्हर आणि ‘ड्रायव्हर ऑन बोर्ड’ मॉड्यूल नॉन-आयसोलेटेड असतात. त्यांचं आउटपुट डीसी असलं तरी ते फेजपासून वेगळं केलेलं नसतं, आणि असा बोर्ड आपण थेट पत्र्यावर स्क्रूने आवळतो. ड्रायव्हर आतच हवा असेल तर पहिल्या पद्धतीचे सगळे नियम लागू.

माझा कौल: टेबललॅम्पला आणि जमिनीवरच्या उंच दिव्याला १२ व्होल्ट. बल्ब बदलण्याचा आग्रह असलेल्या गिऱ्हाइकाला तीन तारा, पण सॉकेटची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या असं बरोबरच्या कागदावर ठळक छापून. टांगायच्या दिव्याचं निराळं. आपल्याकडे छताच्या पॉइंटपर्यंत अनेकदा फेज आणि न्यूट्रल एवढंच आणलेलं असतं, म्हणून ऑर्डर घेतानाच तिथे अर्थची तार आहे का ते विचारा. शिवाय एलईडी पक्का बसवलेले, छताला किंवा भिंतीला लावायचे दिवे बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. तो खर्च आधी हिशोबात धरा.

परदेशी पाठवताना १२ व्होल्टचा आणखी एक फायदा आहे. युरोपचा लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह (विजेच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचा नियम) डीसीला ७५ व्होल्टपासून पुढे लागतो, म्हणून तुमचा दिवा त्याबाहेर राहतो. अॅडॉप्टर मात्र त्यात येतो आणि तो तिथल्या मान्यतेचाच लागतो. घातक पदार्थांचे नियम दिव्यालाही लागतात, त्यामुळे सोल्डर शिशाविना हवं.

पद्धत कोणतीही असो, वायर बाहेर पडते तिथे पकड हवी. मानकात ६० न्यूटनने, म्हणजे साधारण ६ किलोच्या ओढीने, २५ वेळा खेचून पाहतात. टेबललॅम्प ६ अंशांच्या उतारावर उलटता कामा नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येते, म्हणून प्रत्येक नगावर क्रमांक टाका आणि त्या नगाच्या चाचणीचे आकडे, तारीख आणि अॅडॉप्टरचा आर क्रमांक वहीत लिहून ठेवा.