गोल मीटरमधलं धुकं: नवतप्यात सील केलं, पावसाळा-हिवाळा काढून पाहिला

ऑनलाइन मागवलेला नवाकोरा स्पीडोमीटर पहिल्याच पावसात आतून घामेजला. विकणाऱ्याचं उत्तर एका ओळीचं: ओल वॉरंटीत बसत नाही. मग जुनेच मीटर खोलून, काचेभोवतीचं रबरी पॅकिंग बदलून पुन्हा बसवणं आलं. जुनी जीप किंवा ॲम्बॅसेडर ज्यांच्या वाड्यात उभी आहे त्यांना गोल मीटरची ओळख नको, म्हणून थेट कामाचं लिहितो.

आधी धुकं कशाचं आहे ते ठरवा. गाडीचे पार्किंग दिवे लावून मीटरचे बल्ब वीस-पंचवीस मिनिटं पेटू द्या. काच साफ होत गेली तर ते पाणी. तशीच पांढुरकी राहिली तर तो तेलाचा किंवा तापलेल्या प्लास्टिकच्या वाफेचा थर आहे, आणि त्याला कितीही सील लावा, उपयोग शून्य. ऑइल प्रेशरचा मीटर बारीक नळीवर चालणारा असेल तर नळीचा जोड पाहा. स्पीडोमीटर असेल तर केबल काढा. केबलची आतली तार पिळाची असते, फिरता फिरता गिअरबॉक्सचं तेल वर चढवते. खालचं सील बदला आणि ग्रीस लावताना वरचे १५-२० सेंटीमीटर कोरडे ठेवा. आपल्याकडे मीटर किरकिरला की वरूनच तेल सोडायची पद्धत आहे. ते तेल आतल्या चुंबकावर आणि ॲल्युमिनियमच्या वाटीवर जातं, काटा जड होतो किंवा नाचतो.

आता पाण्याचं. मीटरमध्ये बाहेरून पाणी ओतलं जात नाही, मीटर श्वास घेतो. आतली हवा २० वरून ५० अंशांवर गेली की साधारण दहावा हिस्सा बाहेर पडते, रात्री थंडावली की तेवढीच बाहेरची दमट हवा आत येते. महावितरणच्या रोहित्राला आत जाणारी हवा कोरडी करणारा, निळ्या-गुलाबी खड्यांचा ब्रीदर असतो तो याचसाठी. मीटरला मात्र असा ब्रीदर नसतो, फक्त चाळीस वर्षांचं कडक झालेलं रबर असतं.

म्हणून सील कशाने केलं यापेक्षा कधी केलं हे मोठं. मेच्या दुपारी ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत जेमतेम साडेसात ग्रॅम पाणी असतं. अशी हवा आत कोंडली तर काच सहा-सात अंशांपर्यंत थंड होईस्तोवर धुकं धरत नाही. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्क्यांना तेच पाणी २३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे काच २५ अंशांवर आली की धुकं. पावसाळ्यात धुकं दिसलं म्हणून पावसाळ्यातच सील करणारे ओल आत बंद करतात आणि मग पॅकिंगला शिव्या देतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी दोन ते चार, मीटर उन्हात तासभर उघडे ठेवून मग बंद करा. पैसा लागत नाही.

खोलताना बॅटरीची तार आधी काढा, कारण अँपिअर मीटरच्या तारांना चावी बंद असतानाही करंट असतो. तारांना चिकटपट्टीच्या खुणा करा. टेम्परेचरचा मीटर तांब्याच्या केसनळीवाला असेल तर ती नळी ओढू नका, मुरडू नका. तुटली की मीटर भंगारात. पुढची रिंग दोन प्रकारची: एक फिरवून निघते, तिच्या मागच्या कानांना डब्याच्या खाचांशी जुळवायचं. दुसरी दाबून वळवलेली. तिची कड बोथट पेचकसाने गोल फिरत थोडी थोडी उचला. एकाच जागी जोर दिला की पितळ फाटतं. अशी रिंग दुसऱ्यांदा वळते, तिसऱ्यांदा बहुधा चिरते.

पॅकिंगसाठी तयार रबर शोधत नागपूर गाठायची गरज नाही. ट्रॅक्टर-जेसीबीच्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नायट्राइल रबराची दोन मिलिमीटर जाडीची दोरी, म्हणजे कॉर्ड, हवी तेवढी कापून मिळते. तिरकी कापून, टोकाला टोक भिडवून बसवा. सांधा फेविक्विकने जोडायचा तर बाहेर जोडा आणि एक दिवस उघडा ठेवा. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि ते धुकं जन्मभर जात नाही. सिलिकॉनचंही तसंच. व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारं सिलिकॉन आतल्या पितळेला आणि बारीक स्प्रिंगला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या, तेही मागच्या सांध्यांवर, पातळ. डब्याला खालच्या अंगाला मूळचं बारीक छिद्र असेल तर ते बुजवू नका, आत शिरलेलं पाणी निघायला तीच वाट आहे. काच फुटकी असेल तर फोटो फ्रेमवाला कापून देतो, पण जाडी जुन्या काचेइतकीच. जाड झाली तर रिंग बसत नाही. डायलला थिनर लावू नका, आकडे पुसले जातात. डब्याला आतून पांढरा रंग मारला तर आठवडाभर सुकू द्या.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबद्दल आधी फार चांगलं मत होतं. प्रत्येक मीटरमागे दोन ग्रॅमची पुडी, आणि अख्खा जुलै काच कोरडी. ऑक्टोबरपर्यंत केशरी खडे हिरवे पडले आणि मत उतरलं. उघडा श्वास घेणाऱ्या डब्यात पुडी ओलीने भरते आणि मग नुसतीच बसून राहते. १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा चालते, पण त्यासाठी रिंग खोलायची? पुडी ठेवायचीच तर मागच्या बल्बच्या भोकातून काढता येईल अशी ठेवा.

खरी गंमत बल्बची. करंट वाचतो म्हणून मीटरचे २.२ वॅटचे स्क्रूवाले बल्ब काढून एलईडी बसवले होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या दवात, कापसाच्या दिवसांत पहाटे गाडी निघते तेव्हा, सगळ्यात जास्त धुकं एलईडीच्या मीटरला. शेजारच्या जुन्या बल्बच्या मीटरला नाही, सील दोघांचं एकच असूनही. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तो जुना पिवळा मिणमिणता बल्बच मीटरची शेगडी होता, हे कुणी सांगत नाही! चारही एलईडी काढले, बल्ब परत आले. फरक वाटावा म्हणून ५ वॅटचे बसवू नका, होल्डर करपतो आणि आतला रंग पिवळा पडतो. ‘कायले जुने बल्ब शोधता बाप्पा’ म्हणणारा दुकानदार भेटेल. शोधा. सगळ्या सीलपेक्षा या बल्बला माझे जास्त गुण.

गाडीत ओल येते कुठून तेही बघून घ्या: वायपरच्या दांड्याचं रबर, पुढच्या काचेचं बीडिंग, केबल जिथून आत येते त्या भोकातलं रबर, म्हणजे ग्रोमेट. पाइपने फवारू नका, तांब्याने एकेक जागी पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरून पाहा. आणि गाडी कूलरच्या तोंडासमोर उभी असेल तर भर मेमध्येही मीटर दमट हवा ओढतो.

फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब: स्पीडोमीटर आणि अँपिअर मीटर स्वच्छ. पेट्रोलच्या मीटरला अजून खालच्या कडेला नखाएवढा ठिपका धरतो, बहुतेक कॉर्डचा सांधा तिथेच आलाय. येत्या मेमध्ये तेवढाच खोलून सांधा वरच्या अंगाला फिरवायचा. त्याची रिंग फिरवून निघणारी आहे, म्हणून बरं.