नोकरी सांभाळून इलेक्ट्रिशियनचा झटपट कोर्स: आठवडे मोजू नका, मीटर किती तास हातात येतो ते विचारा

आठवडाभर नोकरी, शनिवारी वर्ग आणि बारा आठवड्यांत इलेक्ट्रिशियन. जाहिरात आठवड्यांत बोलते, आपण तासांत मोजावं. शनिवारी सहा तास धरले तर बारा आठवड्यांचे ७२ तास होतात. निम्मे फळ्यासमोर गेले की उरले ३६. एका बोर्डावर चौघं असतील तर प्रत्येकाच्या हातात पक्कड येणार नऊ तास, दोघंच असतील तर अठरा. फी तीच, सर्टिफिकेट तेच, पण हाताला मिळणारा सराव थेट दुप्पट. म्हणून कोर्स जोखताना पहिला प्रश्न ‘एका बोर्डामागे किती जण?’ हाच.

नोकरदारांसाठी हे कोर्स साधारण तीन तऱ्हांनी चालतात. रोज संध्याकाळी दोन तासांचा वर्ग सोयीचा दिसतो, पण प्रॅक्टिकलसाठी तो सगळ्यात कमजोर. पहिली पंधरा मिनिटं सामान काढण्यात, शेवटची पंधरा आवरण्यात जातात. शिवाय आठ तास काम करून दमलेल्या माणसाला चालू सप्लायवर टेस्टिंग करायला लावणं हेच मुळात चुकीचं. थिअरी ऑनलाइन आणि दहा-पंधरा दिवस सलग प्रॅक्टिकल, हा प्रकार रजा मिळत असेल तर उत्तम. खोट एकच: सगळं एकदम शिकलं जातं आणि महिन्याभरात निम्मं विसरतं. शनिवार-रविवारच्या वर्गाला मधल्या आठवड्याचा फायदा होतो, पण घरी सराव केला तरच. त्यासाठी प्लायवूडच्या फळीवर चार-पाच बॉक्स, एक डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), दोन टू-वे स्विच आणि एक होल्डर बसवा. सप्लाय मात्र जोडू नका, सगळं कंटिन्युइटीवर तपासा, म्हणजे वायर सलग जोडलेली आहे का ते मीटरनं बघा. शनिवार चुकला तर तो भरून कसा देणार, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. पुढच्या बॅचमध्ये ‘तोच धडा’ मिळतो की ‘जागा असेल तर बघू’ म्हणतात, यात फार अंतर आहे.

थिअरी या कोर्सेसमध्ये सहसा बरी असते आणि ती रात्री घरी बसून खुशाल करावी. फक्त आकडेमोड हातानं करून घेतात की तयार तक्ता दाखवून पुढे जातात, ते बघा. साधं उदाहरण घेऊ. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बोर्डापासून सॉकेट २५ मीटर, लोड १६ अँपिअर. २० अंश सेल्सिअसला या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे ०.३७ ओहम. गुणिले १६ केलं की ५.९ व्होल्टचा ड्रॉप (वायरीतच खर्च होणारं व्होल्टेज), २३० व्होल्टवर सुमारे २.६ टक्के. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात लाईटसाठी ३ आणि बाकी लोडसाठी ५ टक्के मर्यादा सुचवली आहे, तेव्हा इथे चालतं. तीच वायर ६० मीटर ओढली तर ड्रॉप १४.२ व्होल्ट, सहा टक्क्यांच्या वर, आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी लागते. ज्याला हे कागदावर जमत नाही तो आयुष्यभर ‘सगळे हीच टाकतात’ म्हणून वायर टाकणार. त्यातला ०.३७ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रॅक्टिकलची सुरुवात बहुतेक ठिकाणी पाइप वाकवणं, केसिंग-कॅपिंग, वायर ओढणं अशी होते. ते जमून जातं. खरी परीक्षा टर्मिनलमध्ये असते आणि तिथेच घाई होते. इन्सुलेशन जास्त सोललं तर तांबं बाहेर दिसतं. कमी सोललं तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो, वायर हातानं ओढून पाहिली तर घट्ट वाटते, पण तांब्याला नीट टेकलेलीच नसते. पक्कडीनं सोलताना तांब्यावर खाच पडली की पुढे वाकवताना वायर तिथेच तुटते. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) न लावता स्क्रूखाली कोंबली तर दोन-चार तारा बाजूला पळतात. अशा ढिल्या जागेचा रेझिस्टन्स नुसता ०.१ ओहम धरा. १६ अँपिअर वाहताना तिथे २५ वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते, म्हणजे बंद बॉक्समध्ये एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हे पकडत नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. म्हणून वर्गात टॉर्क स्क्रू ड्रायव्हर (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा) आहे का, आणि स्क्रू किती आवळायचा हे उत्पादकाच्या आकड्यावरून शिकवतात का, हे विचाराच. ‘हाताला कळतं’ हे उत्तर वीस वर्षं काम केलेल्या वायरमनच्या तोंडी शोभतं, नवशिक्याच्या नाही.

सप्लाय सुरक्षितपणे तोडण्याला किमान एक अख्खा दिवस हवा. पुष्कळ कोर्स हे अर्ध्या तासात उरकतात, आणि मार्क कापायचे तर सर्वात जास्त इथे कापावेत. बरोबर क्रम असा: कुठलं सर्किट ते ओळखायचं, एमसीबी पाडून तिला कुलूप आणि पाटी लावायची, किल्ली स्वतःच्या खिशात. मग दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासायचा, नंतर बंद केलेल्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या बघायच्या, आणि टेस्टर पुन्हा एकदा चालू सप्लायवर लावून तो मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करायची. शेवटची पायरी सगळे गाळतात. निऑनचा स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर यासाठी चालत नाही. तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा उजेड जास्त असेल, तर वायर चालू असूनही तो पेटलेला दिसत नाही. मास्तर स्वतः खिशातून तोच काढत असतील तर वर्ग बदललेला बरा.

आता टेस्टिंग. कोर्सच्या लायकीचा निकाल इथेच लागतो.

पहिली टेस्ट कंटिन्युइटीची, सप्लाय बंद ठेवून. बोर्डात त्या सर्किटची फेज आणि अर्थ एकत्र जोडायची आणि प्रत्येक सॉकेटवर त्या दोघींमधला रेझिस्टन्स मोजायचा. मघाच्या २५ मीटरच्या सर्किटला अर्थची वायरही २.५ चीच असेल तर शेवटच्या सॉकेटवर ०.३७ च्या आसपास यायला हवं. कागदावरचा आकडा मीटरवर दिसला की थिअरी डोक्यात पक्की बसते. ०.९ दिसलं तर कुठेतरी स्क्रू ढिला आहे. यासाठी किमान २०० मिलिअँपिअर सोडणारा मीटर लागतो, साध्या मल्टिमीटरचे दशांश भरवशाचे नसतात. लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी शून्य करायचा, नाहीतर तोच सर्किटमध्ये धरला जातो.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर. ५०० व्होल्ट डीसी, आणि किमान १ मेगाओहम. नव्या वायरिंगला मात्र १ मेगाओहम येऊन चालत नाही, तिथे शेकड्यांत यायला हवं. कमी आलं तर खिळा किंवा ओल शोधायची. एलईडी, डिमर, सर्ज प्रोटेक्टर काढायला विसरलात तर आकडा खोटा येतो, आणि वर वस्तू जळू शकते. त्यानंतर पोलॅरिटी, म्हणजे फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का ते. स्विच न्यूट्रलवर बसला तरी दिवा व्यवस्थित चालू-बंद होतो, होल्डर मात्र कायम फेजवर राहतो. दिवा लागला म्हणजे काम झालं असं मानणारा इथे फसतो.

सप्लाय चालू केल्यावर लूप इम्पीडन्स, म्हणजे फॉल्टचा करंट फेजमधून जाऊन अर्थवाटे परत येतो त्या अख्ख्या वाटेचा रेझिस्टन्स. १६ अँपिअरची बी कर्व्ह एमसीबी लगेच पडायला पाचपट, म्हणजे ८० अँपिअर लागतात, सी कर्व्हला दहापट, म्हणजे १६०. २३० भागिले ८० म्हणजे २.८७ ओहम. फॉल्टच्या वेळी वायर तापून रेझिस्टन्स वाढतो, म्हणून मोजलेला आकडा याच्या दोन-तृतीयांशाच्या आत, १.९ पर्यंत हवा. सी साठी तो ०.९६ वर येतो. ‘बी सतत पडते, सी टाका’ हा सल्ला देणाऱ्याला हा हिशोब विचारून बघा. आरसीसीबीचं (फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळला नाही की पडणाऱ्या स्विचचं) म्हणाल तर साध्या प्रकारची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी निम्म्या करंटला पडू नये, पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांत पडावी. तिच्यावरचं टेस्ट बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग मुळातच नसेल तरी बटण दाबल्यावर ती ऐटीत पडते.

फॉल्ट शोधायला शिकवतात का, हा कोर्सा-कोर्सांतला मोठा फरक. मास्तरांनी बोर्डात मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि शिकणाऱ्यानं तो मीटरनं शोधावा, अंदाजानं नाही. हमखास हवा असा एक: एमसीबी पाडली तरी आरसीसीबी पडतच राहते. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. त्या सर्किटची न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल तर बाकी सर्किटांचा परतीचा करंट तिकडून फुटतो. न्यूट्रल बारमधून (सगळ्या न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून) एकेक न्यूट्रल सोडवून मेगर लावल्याशिवाय हा सापडत नाही. दुसरा, दोन आरसीसीबींच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळलेल्या: लोड नसताना सगळं शांत, पंखा लावला की ट्रिप.

मोटर स्टार्टर झटपट कोर्समध्ये एखाद-दुसऱ्या दिवसात उरकतात, आणि घरगुती काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. एवढं यावं की होल्डिंगचा १३-१४ कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावरही स्टार्टर धरून ठेवणारा) फक्त स्टार्ट बटणाला पॅरलल जातो. तो स्टॉपलाही ओलांडून गेला तर स्टॉप दाबूनही मोटर थांबत नाही. ओव्हरलोड रिलेचा एरवी जोडलेला ९५-९६ कॉन्टॅक्ट सोडून एरवी उघडा असलेला ९७-९८ वापरला तर स्टार्टरची कॉइल ओढतच नाही.

सर्टिफिकेट आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या मुद्दाम जवळजवळ छापतात. स्वतंत्र काम करायला बहुतेक ठिकाणी जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या कामाची नोंद लागते, आणि ती नोंद वर्गात होत नाही. नोकरी न सोडता हे तास कुठून काढणार, याचं उत्तर कोर्सवाल्यांकडे नसेल तर मिळालेला कागद लॅमिनेट करून ठेवण्यापुरताच. काही ठिकाणी ठेकेदाराकडे सुट्टीच्या दिवशी हाताखाली काम लावून देतात. इमारत नवी नसावी, जुनीच असावी. नव्या इमारतीत महिनोन्महिने पाइपच बसवावे लागतात. जुन्या घराच्या दुरुस्तीत मीटर रोज बाहेर निघतो.

हत्यारांचा संच कोर्सकडून घेऊ नका. बावीस वस्तूंच्या पेटीत कामाच्या सहा असतात. इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, साइड कटर, वायर स्ट्रिपर, दोन टोकांचा टेस्टर आणि कुलपाचा संच एवढ्यावर सुरुवात होते. मोजायचा मीटर डीबीपर्यंत न्यायचा तर तो कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) असलेलाच घ्या आणि लीडवरही तोच शिक्का आहे का बघा. मेगर आणि लूप टेस्टर महाग असतात, ते काम मिळेपर्यंत वर्गातलेच वापरावेत.

प्रवेशाआधी वर्कशॉप बघायला जा, आणि वर्ग चालू असताना जा. बोर्डातल्या वायरी बघा. दर बॅचला त्याच वापरून टोकं आखूड झालेली, स्क्रूंची खाच गेलेली असेल तर तिथे नीट टर्मिनल करायला शिकणं अशक्य. किती मीटर चालू स्थितीत आहेत ते मोजा. मग मागच्या बॅचचे टेस्ट शीट मागा, नावं झाकून दिले तरी चालतील. वेगवेगळ्या हातांनी केलेल्या सर्किटांवर कुठे ०.३५, कुठे ०.४१, कुठे ०.९ खोडून नंतर ०.३८ असं दिसायला हवं. सोळा जणांच्या बॅचमध्ये सोळाही कागदांवर ०.३७ असेल तर मीटर एकाच्याच हातात होता, बाकीच्या पंधरांनी उतरवून घेतलं.