कापड की छिद्रांचा पत्रा? रात्री उजळणाऱ्या मांडवासाठी नाशिककरांनी काय निवडावं

गंगापूर रोडकडच्या एखाद्या बंगल्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत, दिवसा सावली देणारा आणि रात्री आकाशकंदिलासारखा उजळणारा मांडव करायचा म्हटलं की निवड बहुधा दोन गोष्टींवर येते. एक ताणलेलं पांढरं कापड, म्हणजे टेन्साइल मेम्ब्रेन; दुसरा छिद्रं पाडलेला धातूचा पत्रा. पॅरामेट्रिक पद्धतीनं, म्हणजे आकार हातानं न काढता नियम आणि आकडे देऊन संगणकाकडून घडवून, दोन्ही करता येतात; त्यासाठी राइनो या थ्रीडी आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधलं ग्रासहॉपर वापरतात. पण संगणक दोन्हींत अगदी वेगळं काम करतो.

कापडाचा आकार हातानं काढायचा नसतो. कुठला कोपरा उंच, कुठला खाली, कडेची केबल किती ताणायची एवढं आपण सांगायचं. ग्रासहॉपरमधलं कांगारू नावाचं साधन सगळीकडचा ताण जुळवून पृष्ठभाग शोधून देतं. हलक्या, ताणलेल्या छतांसाठी ओळखले जाणारे जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो हाच शोध साबणाच्या पातळ पडद्यांवर घेत असत. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक छतांवर त्यांनी काम केलं होतं. पत्र्याचा आकार मात्र साधा असला तरी चालतो. तिथं सगळा जीव छिद्रांत असतो: कुठं मोठी, कुठं बारीक, कुठं मुळीच नाहीत. हा नियम एकदा बांधला की स्लायडर सरकवताच हजारो छिद्रं एकदम बदलतात. संगणकाच्या पडद्यावर हे इतकं सुंदर दिसतं की माणूस तिथंच पत्र्यावर भाळतो.

भाळण्याआधी नाशिकचं ऊन बघा. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या २०-२१ तारखेला आणि जुलैच्या २३-२४ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या दोन महिन्यांत माध्यान्हीला तो डोक्यावरून साडेतीन अंशही ढळत नाही. (घड्याळात ही माध्यान्ह बाराला नसते, मे महिन्यात ती साधारण साडेबाराला येते.) म्हणजे आडव्या पत्र्यात ३० टक्के छिद्रं ठेवली, तर मे महिन्यातल्या दुपारी जवळपास ३० टक्के ऊन थेट अंगावर. नक्षी कितीही देखणी असो, खाली बसलेल्या आजी-आजोबांना ते सोसणार नाही. छिद्रं एकमेकांसमोर येणार नाहीत असे दोन थर दिले तर ऊन अडतं, पण खर्च आणि वजन दोन्ही वाढतं. पांढरं कापड बहुतेक ऊन परतवतं आणि थोडाच उजेड आत सोडतं, तोही पसरून, मऊ होऊन.

ग्रासहॉपरला जोडायच्या लेडीबग या ऊन-हवामानाच्या साधनावर सूर्याचा मार्ग मांडलात की आणखी एक गोष्ट कळते. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, त्यामुळे तीन मीटर उंच छताची सावली जवळपास तेवढीच उत्तरेला सरकते. बाकडी कुठं मांडायची हे त्यावरून ठरवा.

रात्रीचा हिशेब वेगळा. कापडावर खालून दिवे टाकले की थोडा उजेड आरपार जातो, म्हणून बाहेरून सगळा मांडव उजळलेला दिसतो; बराचसा खाली परततो आणि बसायला पुरतो. दिवा कापडाच्या फार जवळ ठेवला तर मात्र तिथं डोळ्यात खुपणारा डाग पडतो. पत्रा स्वतः उजळत नाही, छिद्रं उजळतात, आणि भोवतीच्या फरशीवर नक्षी पडते. ती ठसठशीत हवी असेल तर लहान, एकवटलेला दिवा लागतो. लांब एलईडी पट्टीनं ती पुसट होते. दोन्हीकडे २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड घ्या. पांढऱ्याशार दिव्यांवर पावसाळ्यात किडे जास्त जमतात.

पावसात छिद्रांचं छत गळणारच. कापड गळत नाही, पण ते सपाट ठेवलं तर पाणी साठून त्याला पोट येतं. म्हणून घोड्याच्या खोगिरासारखा दुहेरी बाक आणि भरपूर उतार हवा. वळवाच्या वाऱ्यात ते वर खेचलं जातं, तेव्हा पाया दाबाइतकाच ओढीसाठीही काढायचा. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, ग्रासहॉपरच्या चित्रावर विसंबू नका.

काम करून घेण्यात पत्रा सोपा. अंबड-सातपूरला पत्रा कापणारे आहेत. लेझरचा खर्च कापाच्या लांबीवर आणि छिद्रांच्या संख्येवर जातो. पंचिंग मशीनवर करायचं असेल तर मॉडेलमध्येच छिद्रांचे पाच-सहा व्यास पक्के करा, आणि कुठलंही छिद्र पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान ठेवू नका. कापडाचे तुकडे काढणं, ते वेल्ड करणं आणि जागेवर ताणणं अनुभवी माणसाचंच काम. पीव्हीसी लेपाचं चांगलं कापड पंधरा-वीस वर्षं टिकतं, पण धूळ बसली की उजेड मळतो. दिवाळीआधी ते धुवायलाच हवं.

एकच घ्यायचं असेल तर माझं मत कापडाला. हात थोडा सैल सोडता येत असेल, तर डोक्यावर कापड आणि पश्चिमेला छिद्रांच्या पत्र्याचा उभा पडदा. आपल्याकडे मावळती वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते, म्हणून तो पडदा दोन्ही टोकांना थोडा वळवून घ्या. तिथं पत्र्याची नक्षी संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही दिसते आणि रात्रीही.

ऑर्डर देण्याआधी कापडाचा मीटरभर नमुना मागवा, अंधार पडल्यावर अंगणात धरा आणि मागून दिवा लावून रस्त्यावरून बघा.