हाताची सूज आणि खेचून लावलेली टेप

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो आणि रेडिएशनही पार पडलं. दोनेक वर्षांनी डावा हात जड वाटायला लागला. बांगड्या चढेनात, ब्लाउजची बाही दंडात रुतायला लागली. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातल्या द्रवाला, म्हणजे लसिकेला, परतीची वाट अपुरी पडते आणि तो साचतो. रेडिएशननं त्यात भर पडते. डॉक्टरांनी लिम्फेडेमा, म्हणजे हीच साचलेल्या द्रवाची सूज, सांगून फिजिओथेरपीला पाठवलं, पण तिथली तारीख लांबची मिळाली. तेवढ्यात नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका केंद्राची जाहिरात पाठवली: 'हाताची सूज कायमची बरी. पहिल्याच दिवशी फरक.'

पहिल्याच दिवशी फरक दाखवला, हे खरं. कसा ते नीट सांगते, कारण मेख तिथेच आहे.

पांढरा कोट घातलेल्या मुलानं दंडाभोवती टेप सैलसर गुंडाळली आणि कार्डावर '३४' लिहिलं. मग हवेच्या पंपाला जोडलेली बाही तासभर हातावर चढवली. फुगायची, सुटायची, परत फुगायची. ती काढल्यावर पुन्हा टेप. या खेपेला कोपराच्या जरा वर, आणि अशी खेचून की कातडीवर वळ उठला. "३१! बघा मावशी, तीन सेंटिमीटर गेले." मी ब्लाउज शिवते. टेप चार बोटं खाली सरकवली आणि ओढून धरली की कुणाचाही दंड बारीक होतो, हे मला वेगळं शिकायला नको. खूण कुठे केली, असं विचारलं तर म्हणे, "मॅडम, अनुभवानं कळतं."

पंपानं सूज थोडी उतरते, नाही असं नाही. पण त्यावर लगेच पट्टी किंवा मापाची बाही नसेल तर ती परत चढते. जाऊबाईंची रात्रीपर्यंत चढली. केंद्राचं उत्तर तयार होतं: पूर्ण पॅकेज घ्या, ३२ हजार. त्यात गरम तेलाचं रगडून मालिश आणि एक 'इम्पोर्टेड' बाही. सुजलेल्या हाताला शेक आणि रगडणं दोन्ही वर्ज्य; लसिकेचं खरं मालिश इतकं हलकं असतं की फक्त कातडी सरकते. बाही माप न घेताच दिली. खोक्यावरचं स्टिकर नखानं सुटलं, तर खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोराचं चित्र! ती वरच्या टोकाला गुंडाळून दंडात रुतायची आणि हाताचा पंजा पुरीसारखा फुगायचा.

मालिश सुरू असतानाच एका संध्याकाळी हात लालभडक, गरम, आणि थंडी वाजून ताप. केंद्रात फोन केला तर, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका, उद्या या." आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. सेल्युलायटिस निघाला, अँटिबायोटिक शिरेतून द्यावी लागली. लिम्फेडेमाच्या हाताला असा जंतुसंसर्ग पटकन होतो आणि त्यात एक रात्र थांबणंही महागात पडू शकतं. पैसे बुडाले त्याहून त्या फोनवरच्या वाक्याचा मला जास्त राग आहे.

मग ठरलेल्या तारखेला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिनं मनगटापासून दर चार सेंटिमीटरवर पेनानं खुणा केल्या, दोन्ही हात मोजले आणि तक्ता आमच्याकडेही दिला. आधीच सांगितलं, "काकू, हे समूळ जाणार नाही, पण आटोक्यात राहील." हलकं मालिश, थरांची पट्टी, व्यायाम, त्वचेची काळजी आणि सूज उतरल्यावर मापानुसार बनवलेली बाही, दिवसभर घालायची. तिची पकड साधारण सहा महिन्यांत सैल पडते, म्हणून तो खर्च धरून चालायचा.

केंद्राकडे पैसे मागितले तर पावतीवर 'वेलनेस सेवा, परतावा नाही' छापलेलं दाखवलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, ३४-३१ चं कार्ड आणि स्टिकरचा फोटो जोडला. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पांढऱ्या कोटातल्या मुलाचा फिजिओथेरपीचा नोंदणी क्रमांकही लेखी मागितला होता. उत्तर आलं, तो त्यांच्याकडे 'मशीन ऑपरेटर' आहे.